न्हाणीघरातील उष्णोदक : दोष, निदान आणि दक्षता

दीपावलीच्या पहाटे भगवान महावीरांचा निर्वाण-लाडू अर्पण करण्यासाठी घरोघरची मंडळी काळोख असतानाच उठतात. स्नान करून, शुद्ध वस्त्रे नेसून सूर्योदयाच्या सुमारास मंदिरात पोहोचावयाचे असते. नेमक्या अशाच पहाटे गीझरचा दिवा पेटत नाही. किंवा दिवा पेटतो, पण पाणी तापत नाही. किंवा पहिल्या दोघांची स्नाने होताच तिसऱ्याच्या अंगावर थंडगार धार येते. मग आमच्या दुकानाचे दार उघडण्यापूर्वीच आमच्या घरचा फोन वाजू लागतो. नळकामाच्या साहित्याचा व्यापार बेळगावात पिढीजात करीत आल्यामुळे अशा पहाटेंचा अनुभव आमच्या गाठीशी पुष्कळ आहे. यंदाच्या स्मरणिकेसाठी काही लिहावे असा आग्रह झाला, तेव्हा बाजारभावांची चर्चा इतरांवर सोपवून, प्रत्येक सभासदाच्या घरी असलेल्या ह्या एका सोयीविषयीच चार शब्द लिहावे असे आम्ही ठरविले. ह्यात पैशाची बचत आहे हे तर खरेच. परंतु काही दोष असे आहेत की त्यांची किंमत रुपयांत मोजता येत नाही.

बंबाला झाकण होते

आमच्या बालपणी प्रत्येक वाड्याच्या मोरीशेजारी तांब्याचा बंब असे. मध्ये नळकांडे, खाली जाळी, जाळीवर लाकडाच्या ढलप्या आणि निखारे, भोवती पाणी. त्याचे दोष डोळ्यांना दिसत. नळकांड्यात काजळी धरली की धूर उलटा येई. कल्हई उडाली की पाण्याला हिरवट छटा येई. तोटी गळू लागली की तिला चिंधी गुंडाळली जाई. त्या काळी बंबाची निगा राखण्यास कोणा तज्ज्ञाची गरज नव्हती.

परंतु बंबाचा एक मोठा गुण कोणाच्या ध्यानात येत नसे. त्याला वर झाकण होते. पाणी तापून फुगले, वाफ झाली, तरी झाकण किंचित उचलून ती निघून जाई. आजच्या गीझरची टाकी चहूबाजूंनी बंद आहे. बंबाकडून गीझरकडे येताना आपण धुरातून सुटलो. पण त्याबरोबर उघड्या भांड्याची सुरक्षितताही मागे राहिली. ती भरून काढण्यासाठी गीझरवर काही रक्षक बसविलेले असतात. घरातील प्रत्येकाने त्यांची ओळख करून घेणे अगत्याचे आहे.

गीझरचे अंतरंग

साठवणीच्या गीझरमध्ये पाच गोष्टी मुख्य. पहिली टाकी. दुसरे, पाणी तापविणारे एलिमेंट, ज्याला आपण कॉइल म्हणतो. तिसरा थर्मोस्टॅट, जो ठरविलेले तपमान आले की वीज तोडतो. चौथे, थर्मोस्टॅट बिघडला तर वीज तोडणारी दुसरी कळ. पाचवा सेफ्टी व्हॉल्व. शिवाय टाकीत मॅग्नेशियम धातूची एक कांडी असते. टाकीच्या पोलादाऐवजी ती स्वतः झिजत जाते, जणू धन्याचे संकट आपल्या अंगावर घेणारा इमानी सेवक.

गीझर ठीक चालला आहे की नाही हे ओळखण्यासाठी प्रथम थोडे गणित करावे. एक लिटर पाणी एक अंश तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटातून सुमारे ८६० किलोकॅलरी मिळतात. २५ लिटरचे पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत न्यावयाचे तर ८७५ किलोकॅलरी, म्हणजे एक युनिटाहून किंचित अधिक वीज पुरते. घरगुती साठवणीचा गीझर सामान्यतः २००० वॅटचा असतो. तो हे काम अर्ध्या तासात करतो. १५ लिटरच्या गीझरला १८-२० मिनिटे पुरेत. आपला गीझर ह्याच्या दुप्पट वेळ घेत असेल तर कोठेतरी दोष आहे, आणि प्रत्येक स्नानामागे वीजबिलात त्याची नोंद होत आहे, असे निश्चित समजावे.

पाणी तापत नाही तेव्हा

दिवा मुळीच पेटत नसेल तर प्रथम गीझरवर संशय घेऊ नये. मीटरजवळचा एम्‌सीबी पडला आहे का ते पाहावे. पडला असेल तर एकदाच वर करावा. पुन्हा पडला तर पुन्हापुन्हा वर करण्याचा अट्टहास करू नये, कारण तो काही सांगू पाहत असतो. नंतर प्लग पाहावा. २००० वॅटचा गीझर सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढतो. त्याला १६ अँपिअरचा जाड तीन पिनांचाच प्लग हवा. पंख्या-दिव्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटवर गीझर लावल्याने पिना काळवंडलेल्या, प्लास्टिक वितळलेले आम्ही कितीदा तरी पाहिले आहे. जळका वास आला तर खटका बंद करून वायरमनला बोलवावे.

दिवा पेटतो आणि पाणी मात्र थंडच, असे असेल तर कॉइल जळली असण्याचा अथवा थर्मोस्टॅट बिघडल्याचा संभव अधिक. हे काम वायरमनचे आहे. गृहस्थाने फक्त एवढे ध्यानात ठेवावे, की नवी कॉइल बसविल्यावर गरम पाण्याच्या नळातून अखंड धार येईपर्यंत खटका लावू नये. रिकाम्या टाकीत तापलेली कॉइल पाहता पाहता निकामी होते.

पाणी तापते, पण फार सावकाश, अशा वेळी विजेचा दाब तपासावा. दाब २३० व्होल्टवरून १९० वर उतरला तर २००० वॅटची कॉइल जेमतेम १३६५ वॅटचे काम करते. सकाळी सगळ्या गल्लीचे गीझर एकदमच सुरू झाले म्हणजे असा अनुभव येतो. तेव्हा गीझर नवा घेऊन उपयोग नाही; वेळ बदलून पाहावी.

आणखी एक दोष फार फसवा आहे. गीझर उत्तम तापतो, परंतु नळाला पाणी कोमटच येते. लोक थर्मोस्टॅट बदलतात, कॉइल बदलतात, आणि पाणी कोमट ते कोमटच राहते. अशा वेळी गीझरची वीज बंद करावी, गीझरकडे जाणाऱ्या थंड पाण्याची चावी पूर्ण बंद करावी, आणि गरम पाण्याचा नळ उघडून मिनिटभर थांबावे. धार बंद पडली तर नळकाम ठीक आहे. धार वाहतच राहिली तर चोर सापडला! कोठल्या तरी मिक्सरमधून थंड पाणी गरम पाण्याच्या नळीत शिरत आहे. बहुधा कोणी शॉवरचा मिक्सर दोन्ही बाजूंनी उघडा ठेवून पुढची तोटी तेवढी बंद केलेली असते, किंवा मिक्सरमधील वायसर झिजलेला असतो. ही परीक्षा फुकट आहे, तिला हत्यार लागत नाही, आणि हिच्यामुळे अनेक ग्राहकांनी आमच्याकडून घ्यावयाचे सामान घेतले नाही. त्याचा आम्हांस खेद नाही.

क्षाराचे पुट

बेळगाव शहरास राकसकोप आणि हिडकल जलाशयांचे पाणी मिळते. परंतु पुष्कळ घरांत विहिरीचे किंवा कूपनलिकेचे पाणीही वापरतात, आणि ते अनेक ठिकाणी जड असते. अशा पाण्यात विरघळलेला चुना तापताच अविद्राव्य होऊन कॉइलवर पांढऱ्या थराच्या रूपाने बसतो. थर वाढला की उष्णता पाण्यात जाण्याऐवजी कॉइलमध्येच कोंडते. पुटाखाली अडकलेल्या पाण्याची वाफ होऊन टाकीतून खदखद आणि तडतड ऐकू येते. हा आवाज ऐकू येऊ लागला की कॉइलचे आयुष्य सरत आले असे समजावे.

उपाय कठीण नाही. जड पाणी असलेल्या घरी वर्षातून एकदा, साधेपणी पावसाळा संपताच, गीझर उघडवून टाकीच्या तळाचा गाळ काढावा, आणि कॉइल सायट्रिक आम्लाच्या म्हणजेच लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून पुट विरघळवावे. त्याच वेळी मॅग्नेशियमची कांडी पाहावी. ती झिजून तार तेवढी उरली असेल तर लगेच बदलावी. नवी टाकी घेण्यापुढे तिची किंमत काहीच नाही. पाणी तांबूस येऊ लागले तर गंज टाकीपर्यंत पोहोचला आहे, आणि टाकीच गळू लागली तर डाग लावण्याच्या भरीस पडू नये. थर्मोस्टॅट ५५ ते ६० अंशांच्या दरम्यान ठेवावा. त्याहून अधिक तापविल्यास पुट वेगाने चढते. फार खाली ठेवल्यास साचलेल्या कोमट पाण्यात जंतूंची वाढ होऊ शकते. मात्र ६० अंशांचे पाणी अंगावर पडल्यास काही सेकंदांतच गंभीर भाजते. म्हणून लहान मुले व वृद्ध ह्यांच्यासाठी आधी बादलीत थंड पाणी घ्यावे व मग त्यात गरम सोडावे.

ठिबकणारा व्हॉल्व, आणि आमची एक चूक

सर्वांत अधिक तक्रार येते ती सेफ्टी व्हॉल्व ठिबकण्याची. पाणी तापले की फुगते. २५ लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापताना सुमारे साडेतीनशे मिलिलिटरने, म्हणजे मोठ्या पेल्याएवढे, वाढते. मागे जाण्याची वाट नॉनरिटर्न व्हॉल्वने बंद केलेली असते, नळही बंद असतो. तेव्हा हे वाढलेले पाणी सेफ्टी व्हॉल्वमधून थेंबथेंब बाहेर पडते. तापत असताना ठिबकणे व नंतर थांबणे हा दोष नव्हे. गीझर बंद असतानाही रात्रंदिवस ठिबकत असेल, तर व्हॉल्वच्या बैठकीत कचरा आहे अथवा नळाचा दाब अधिक आहे. तेव्हा व्हॉल्व बदलावा. तो कधीही बुजवू नये.

हे आम्ही इतके आग्रहाने का लिहितो ते सांगणे आमचे कर्तव्य आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एक वृद्ध शिक्षक आमच्या दुकानी आले. व्हॉल्वमधून पाणी वाया जाते, ते बंद करण्यास काही द्या, असे त्यांनी म्हटले. आम्ही त्यांना पितळी बूच दिले. एवढेच नव्हे, तर पाणी वाचविण्याच्या त्यांच्या वृत्तीचे कौतुकही केले. काही आठवड्यांनी त्यांच्या गीझरची टाकी शिवणीवर फाटली. न्हाणीघरभर कढत पाणी उसळले, भिंतीच्या फरश्या निखळल्या. त्यांचा नातू काही मिनिटांपूर्वीच स्नान करून बाहेर पडला होता. दुसऱ्या दिवशी ते शिक्षक दुकानी आले, तेव्हा त्यांनी आम्हांस दोष दिला नाही. त्यांनी फक्त ते बूच गल्ल्याजवळ ठेवले. ते आम्ही अद्याप जपून ठेविले आहे. एक लिटर पाण्याची वाफ होते तेव्हा ती सोळाशे लिटरहून अधिक जागा मागते. बंबाच्या झाकणाचे काम आज तो लहानसा व्हॉल्व करीत असतो, हे त्या दिवशी आम्हांस समजले. तेव्हापासून सेफ्टी व्हॉल्वसाठी बूच मागणाऱ्यास आम्ही ते विकत नाही.

विजेच्या धक्क्याविषयीही येथेच सांगावयास हवे. नळाला हात लावताच मुंग्या आल्यासारखे वाटले, तर ते किरकोळ म्हणून सोडून देऊ नये. कॉइलचे आवरण फुटून पाण्यात वीज उतरत असते आणि अर्थिंग कमजोर झालेले असते. ताबडतोब मुख्य खटका बंद करावा. घराच्या वीजफलकावर ३० मिलिअँपिअरचा गळती-रक्षक, म्हणजे आर्‌सीसीबी, बसवून घ्यावा, आणि त्यावरील परीक्षेची कळ अधूनमधून दाबून तो पडतो की नाही हे पाहावे.

छपरावरील सौरबंब

आमच्या भागात अनेक घरांच्या छपरांवर सौरबंब दिसतात, आणि ते योग्यच आहे. १०० लिटर पाणी ३० अंशांनी तापविण्यास साडेतीन युनिट वीज लागते. तेवढे काम सूर्यनारायण विनामूल्य करतो. ह्यात पंप नाही, यंत्र नाही. तापलेले पाणी हलके होऊन वर टाकीत चढते, थंड पाणी खाली येते, एवढेच त्याचे तत्त्व.

काचेच्या नळ्यांच्या बंबाची परीक्षा सोपी आहे. प्रत्येक नळीच्या टोकाला आतून चांदीसारखा चकाकणारा पट्टा असतो. तो बेरियम धातूचा असतो. नळीतील निर्वात पोकळी टिकली आहे तोवर तो चकाकतो. हवा शिरली की दुधाळ पांढरा पडतो. अशी नळी उष्णता धरून ठेवीत नाही, ती बदलावी. मात्र भर दुपारी, रिकाम्या व तापलेल्या नळ्यांत थंड पाणी कधीही सोडू नये, काच तडकते. ते काम पहाटे किंवा सूर्यास्तानंतर करावे.

सायंकाळी पाणी कढत, आणि पहाटे मात्र गार, अशी तक्रार असेल तर टाकीभोवतीचे उष्णतारोधक आवरण भिजले आहे का ते पाहावे. सपाट पत्र्याच्या बंबात टाकीचा तळ पत्र्याच्या वरच्या कडेहून उंच नसेल तर रात्री प्रवाह उलटा फिरून तापलेले पाणी निवते. पाणी झटक्या-झटक्याने येत असेल तर नळी कोठेतरी वर चढून खाली उतरली आहे व त्या कमानीत हवा अडकली आहे. टाकीवरील हवानळी कधीही बंद करू नये. पक्ष्यांनी घरटे केले असल्यास, पिले उडून गेल्यावर, ती मोकळी करावी. घरात थंड पाण्याच्या नळीवर दाबाचा पंप बसविला आणि सौरबंबाचे पाणी मात्र आपल्या भाराने उतरत राहिले, तर जोरकस थंड पाणी मिक्सरमधून गरम नळीत घुसते. पंप बसविण्यापूर्वीच ह्याचा विचार करावा.

नळ उघडताच प्रथम गार पाणी येते, हा मात्र दोष नव्हे. १५ मिलिमीटर पोकळीच्या २० मीटर नळीत साडेतीन लिटर पाणी रात्रभर निवून उभे असते. ते बादलीत धरून भांड्यांस वापरावे आणि नळीस आवरण घालावे. बेळगावचा पावसाळा तर सर्वांस ठाऊकच आहे. आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही, तेव्हा सौरबंबास दोष देण्यात अर्थ नाही.

गॅसचा गीझर : येथे उपेक्षा नको

आता सर्वांत गंभीर विषयाकडे वळू. गॅसचा गीझर पेटत नसेल तर कारणे साधी असतात. ठिणगी पाडणाऱ्या बॅटऱ्या उतरलेल्या असतात, पाण्याच्या वाटेवरील जाळीत कचरा असतो, अथवा पाण्याचा दाब कमी असतो. टाकी नळाच्या १० मीटर वर असेल तेव्हा एक बार दाब मिळतो. तीन मीटरवर असेल तर त्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी. हे दोष निरुपद्रवी आहेत.

भय आहे ते पेटलेल्या गीझरचे. बंद, लहान न्हाणीघरात ज्वाला प्राणवायू संपवीत जाते. तो अपुरा पडला की कार्बन मोनॉक्साइड वायू उत्पन्न होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक आसक्तीने चिकटतो. डोके जड होते, पायांतील बळ जाते, आणि दाराची कडी काढण्याचेही भान राहत नाही. हिवाळा आला की अशा दुर्घटनांच्या वार्ता वृत्तपत्रांत येतात. त्यांत नवविवाहित दांपत्ये असतात, परीक्षेस निघालेली मुले असतात. थंडी म्हणून खिडकी बंद केली, एवढाच त्यांचा अपराध.

म्हणून आमची हात जोडून विनंती आहे : गॅसचा गीझर न्हाणीघरात बसवू नये. तो बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा आणि आत फक्त नळी न्यावी. ज्वाला निळी असावी. ती पिवळी, काजळी धरणारी दिसली तर गीझर तत्काळ बंद करावा. स्नानास गेलेल्या व्यक्तीस हाक मारली आणि उत्तर आले नाही, तर संकोच न करता दार उघडावे, तिला मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि लगेच रुग्णालयात न्यावे. तेथे वैद्यांना गॅसच्या गीझरचा उल्लेख अवश्य करावा. अन्यथा साधी भोवळ समजून वेळ जातो.

उकळलेले पाणी आणि गीझर

आमच्या माताभगिनींकडून एक प्रश्न वारंवार येतो : त्यागी-व्रतींच्या आहारासाठी किंवा स्वतःच्या नियमासाठी गीझरचे पाणी चालेल काय? शास्त्राचा निर्णय विद्वानांनी द्यावा. आम्ही केवळ यंत्राची बाजू सांगतो. गीझरचे पाणी ५५-६० अंशांवर थांबते. ते उकळत नाही. शिवाय ते छन्न्यातून गाळलेले नसते, आणि धातूच्या टाकीत साचून राहिलेले असते. तेव्हा ते उकळलेल्या पाण्याच्या जागी धरणे योग्य नव्हे. पिण्यास वा स्वयंपाकासही ते घेऊ नये. चौक्यातील पाणी गाळून, चुलीवरच खळखळा उकळावे. तेथे गीझरची सोय आड येऊ देऊ नये.

उपसंहार

श्रावकाच्या गुणव्रतांत अनर्थदंडविरती सांगितली आहे, आणि निष्कारण पाणी सांडणे, निष्कारण अग्नी पेटविणे ह्यांस तिच्यात प्रमादचर्या म्हटले आहे. गळणारी गरम तोटी ह्या दोन्ही दोषांची धनी आहे. तिच्यातून पाणीही जाते आणि ते तापविण्यास लागलेला अग्नीही. एका रात्री अशा तोटीखाली तांब्या ठेवून पाहावा. सकाळी तो किती भरला हे पाहिल्यावर दुसऱ्या उपदेशाची गरज उरणार नाही.

व्यापारी बंधूंस शेवटी एकच सांगावयाचे. ग्राहक मागतो ते देणे हा व्यापार खरा. परंतु जे दिल्याने त्याच्या घरी अनर्थ होईल ते न देणे हाही व्यापारच आहे, आणि त्याची पुण्याई वहीत दिसली नाही तरी पेढीस लाभते. आमच्या गल्ल्याजवळ ठेवलेले ते पितळी बूच आम्हांस रोज हेच सांगते. येत्या दीपावलीपूर्वी प्रत्येक सभासदाने आपल्या घरचा सेफ्टी व्हॉल्व, अर्थिंग आणि न्हाणीघराची खिडकी ह्या तीन गोष्टी एकदा स्वतः पाहाव्या, एवढी विनंती करून आम्ही हे लेखन पुरे करतो.